जगबुडीनंतर पाणी कोण भरतं? कमी खर्चाच्या विज्ञानपटांविषयी

माळरान

गेली दोन वर्षं आम्ही चौघं मित्र शनिवारी रात्री माझ्या खोलीवर जमून जगबुडीनंतरचे सिनेमे बघतोय. अणुयुद्ध होऊ दे, रोगराई येऊ दे, उल्का पडू दे, काहीही चालतं. फक्त सिनेमा कमी पैशांत काढलेला हवा. साठेक झाले असतील. त्यातले आठ-दहा मनात राहिले, बाकीचे गेले. ते का गेले याचं एक टोक परवा हाती लागलं, म्हणून हा धागा.

परवाच्या सिनेमात नायक वीस वर्षं वाळवंटात एकटा फिरतोय. अंगात काळं चामड्याचं जाकीट, दाढी कोरलेली. पडक्या गोदामात त्याला एक बाई भेटते, मारामारी होते, मग ती त्याच्याबरोबर निघते. दीड तासात तो एकदाच बाटली तोंडाला लावतो. माझी आई तेवढ्यात दूध घेऊन आत आली, दोन मिनिटं उभ्या-उभ्या बघितलं आणि म्हणाली, "यांच्याकडं पाणी कोण भरतं रे?"

चौघंही गप्प झालो. आमच्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. कधी रात्री दोनला येतं, तेव्हा उठून बॅरल, पिंप, घागरी, बादल्या, शेवटी पातेलीसुद्धा भरायची. कपडे कधी धुवायचे, पाहुण्यांना कधी बोलवायचं, घरातल्या कुणी गावाला कधी जायचं, हे सगळं त्या दिवसावरून ठरतं. उजनी धरणाचा वापरायजोगा साठा उन्हाळ्यात शून्याखाली गेला की पेपरात 'वजा' टक्के छापून येतात आणि ते वाचून लहान पोरालाही कळतं की आता काय होणार. एवढी एक गोष्ट आमच्या घराचं वेळापत्रक ठरवते, मग अख्खं जग संपल्यावर माणसाच्या दिवसाला काहीच आकार नसेल?

कमी बजेटच्या सिनेमाला नावं ठेवताना लोक रबरी राक्षस, पुठ्ठ्याच्या भिंती आणि संगणकावरच्या खोट्या आगीबद्दल बोलतात. मला त्याचं काही वाटत नाही. मला खटकतं ते हे की पडझड दाखवायला सगळे धावतात आणि पडझडीनंतरचं जगणं कुणी दाखवत नाही. त्या जगण्याला पैसे लागत नाहीत, विचार लागतो.

उदाहरण घ्या. १९७९ चा 'मॅड मॅक्स' साडेतीन-चार लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत झाला. दिग्दर्शक जॉर्ज मिलर डॉक्टर होते, अपघाताच्या केसेस रोज हाताखालून जायच्या. पैसे इतके कमी की सुरुवातीच्या धडकेत त्यांनी स्वतःची व्हॅन फोडली आणि बहुतेक पोलिसांना खऱ्या चामड्याऐवजी रेक्झिन घातलं. पण त्या जगात घर आहे, दवाखाना आहे, सुट्टीवर निघालेलं कुटुंब आहे. जग मोडायला लागलंय, अजून पुरतं मोडलेलं नाही. म्हणून भीती वाटते. १९८१ ला दुसरा भाग आला, त्यात वाळवंट आलं, आणि त्यानंतर इटलीत त्याच्या नकलांची रांग लागली. रोमच्या आसपासच्या खाणींत गाड्यांना पत्रे ठोकून पळवायच्या, झाला सिनेमा. त्यांनी वाळवंट उचललं, पण ते वाळवंट कशामुळं झालं हा विचार मागंच राहिला. आज मोबाइलवर सिनेमा काढणारी पोरंसुद्धा तीच खाण शोधत फिरतात.

तुम्हाला काय खटकतं? आणि कमी पैशांत कुणी नीट केलंय?

—

पंपदुरुस्ती

पेट्रोल!

मी मोटारी आणि इंजिनं दुरुस्त करतो, त्यामुळं मला यातलं काही बघवत नाही. वीस वर्षांनी नायक पडलेल्या गाडीत किल्ली फिरवतो आणि गाडी चालू. अहो, दिवाळीला उभी केलेली गाडी पावसाळ्यात चालू होत नाही. पेट्रोल काही महिन्यांत उतरायला लागतं, वर्षभरात त्यात चिकट गाळ धरतो. आता आपल्या पेट्रोलमध्ये इथेनॉल वीस टक्के. ते हवेतला ओलावा ओढतं, पाणी खाली बसतं, टाकी आतून गंजते. बॅटरी त्याच्याही आधी झोपते. टायर उन्हात चिरतात. आपल्या उन्हात तर तीन-चार वर्षांत.

चालू राहील ते जुनं शेतावरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन. हाताने फिरवून चालू करायचं, बॅटरी नको, वायरिंग नको. डिझेल संपलं तर तेलावर चालतं. १९०० साली पॅरिसच्या प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. आपल्याकडं शेंगा कमी आहेत का? शेंगतेल गाळून, थोडं गरम करून घातलं तर ते इंजिन पाणी उपसेल, पिठाची गिरणी फिरवेल. मग गावात सगळ्यात मोठा माणूस कोण? ज्याच्याकडं घाणा आहे तो. तेल खायचं की जाळायचं, यावरून गावात भांडण लागेल. हे भांडण एखाद्या पोरानं सिनेमात दाखवावं. एक इंजिन, एक घाणा, चार माणसं. खर्च काहीच नाही.

—

पडदा_नंबर_दोन

माळरान, तुझं म्हणणं अर्धं पटतं, अर्धं नाही.

मी तीन लघुपटांवर काम केलंय, त्यातला एक याच प्रकारचा होता. "पैसे लागत नाहीत, विचार लागतो" हे बाहेरून बोलायला ठीक आहे. पैसे नसले की पहिला बळी वेळेचा जातो. नटांना मानधन नाही, म्हणून ते रविवारीच येतात. पाच रविवारांत शूटिंग केलं तर एकाची दाढी वाढते, दुसऱ्याची घटते. तुला कोरलेली दाढी खटकली, पण त्या पोराला सोमवारी नोकरीवर जायचं असेल. पहाटेचा उजेड वीस-पंचवीस मिनिटं असतो. जनरेटर भाड्याचा, टेम्पो भाड्याचा, आणि नऊ वाजता माणसं वडापाव मागतात. अशा वेळी डोक्यात पाण्याचं अर्थशास्त्र येत नाही, उरलेले अकरा शॉट येतात.

आणि ज्यांची नावं घेतो तेही रिकाम्या हाताने आले नव्हते. २००२ चा '२८ डेज लेटर' साध्या डिजिटल कॅमकॉर्डरवर काढला म्हणून सगळे कौतुक करतात. रिकामं लंडन त्यांनी भल्या पहाटे, रहदारी काही मिनिटं थांबवून टिपलं. कॅमेरा छोटा होता म्हणून पटापट बरेच कॅमेरे लावता आले, हे खरं. पण रहदारी थांबवायला परवानगी आणि माणसं लागली, आणि ती सगळ्यांना मिळत नाहीत.

तेव्हा नवशिक्या पोरांना धारेवर धरण्याआधी त्यांचा खिसा बघा.

—

माळरान

दादा, मान्य. दाढीबद्दल बोललो ते मागं घेतो. मला माणसांच्या अडचणींवर बोट ठेवायचं नव्हतं. माझा राग पटकथेवर आहे, कारण ती लिहिताना जनरेटर लागत नाही. अकरा शॉट उरलेत हे दिवसभर डोक्यात असणार, म्हणूनच पाण्याचं काय ते आधी कागदावर ठरलेलं असलं पाहिजे.

आणि परवानगी मिळत नसेल तर रिकामं शहर लिहूच नये. ख्रिस मार्करनं १९६२ मध्ये 'ला जेते' अठ्ठावीस मिनिटांचा केला, तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, जवळजवळ सगळा स्थिरचित्रांत. हलणारं चित्र एकच, झोपेतून डोळे उघडणारी बाई. ते बघताना माझा श्वास अडकला होता. त्या डोळ्यांसाठी त्यानं अख्खा सिनेमा थांबवून धरला. तुटपुंज्या साधनांतून अशी रीत काढणारा माणूस मला मोठा वाटतो.

—

धोटा

मी सोलापूरच्या पूर्व भागातली, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतली. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या माग. आजोबांचा खड्डामाग, म्हणजे खड्ड्यात पाय सोडून बसायचा हातमाग, आणि वडिलांचे यंत्रमाग. त्यामुळं या सिनेमांत माझी नजर कपड्यांवर जाते.

सगळ्यांच्या अंगावर चामडं. ते कमावतं कोण? शिवतं कोण? आणि त्रेचाळीस अंशात ते अंगात कोण घालेल? आपल्याकडं मे महिन्यात माणूस डोक्याला ओला टॉवेल गुंडाळून बाहेर पडतो. जग संपल्यावर पंधरा वर्षांनी माणसांच्या अंगावर काय उरेल, तर आधी दुकानातला माल, मग जुनं उसवून शिवलेलं, मग वाकळीसारखं ठिगळावर ठिगळ. आणि ते संपलं की कुणाला तरी विणावं लागेल. वीज नसली की यंत्रमाग म्हणजे लोखंडाचा ढीग. शहरात यंत्रमाग हजारोंनी असतील, पण त्या दिवशी उपयोग होईल तो एखाद्या म्हाताऱ्याच्या हातमागाचा. त्यालाही नुसतं लाकूड पुरत नाही. सुताला खळ द्यायची, ताणा म्हणजे उभे धागे लावायचे, फणीतून एकेक धागा ओवायचा, आडव्या धाग्याच्या कांड्या भरायच्या. कांड्या आमच्याकडं बायका भरतात, माझी आजी सत्तरीपर्यंत भरत होती. ही माहिती पुस्तकात नाही, हातात आहे. तो हात गेला की गेली.

'थ्रेड्स' नावाचा बीबीसीचा चित्रपट १९८४ चा आहे. शेफिल्ड या पोलादाच्या गावावर अणुबॉम्ब पडल्याची गोष्ट. त्यात पैसा वाचवायला जागोजागी स्थिरचित्रं आणि टंकलेल्या मजकुराच्या पट्ट्या वापरल्यात, पण त्याचाच अंगावर काटा येतो. शेवटाकडं, हल्ल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, पोरं बसून जुनी कापडं उसवून धागे वेगळे करतात. काही बोलत नाहीत. ते बघून मी रडले. नवा धागा काढणारं कुणी उरलं नाही, हे कुणी संवादात सांगितलं नाही. आमच्यासारख्या घरातल्या माणसाला ते सांगावंही लागत नाही.

—

अक्षता

धोटाताई, अगदी. आणि या सिनेमांत स्वयंपाक कुठं असतो? डबाबंद अन्नाचे डबे सापडतात, तेही दरवेळी नेमके. आपल्याकडं कुणाच्या घरात डबे असतात? आपल्याकडं पोत्यात ज्वारी असते. कडक भाकरी नीट वाळवून ठेवली तर महिनोन्‌महिने टिकते, सोबत शेंगाचटणी. पण ज्वारी दळायची कशावर? जातं. जातं किती घरांत उरलंय? आमच्या घरी एक आहे, दाराला टेकवून ठेवलंय, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. त्याला टाकी लावून घ्यायची, म्हणजे दगडाला छिन्नीनं खाचे पाडून घ्यायचे, तर टाकी लावणारा माणूस आता मिळत नाही.

२०१५ चा 'द सर्व्हायव्हलिस्ट' बघा. रानात एक माणूस, एक झोपडी, भाजीचा एक तुकडा. मग दोन बायका येतात आणि त्यांच्याकडं बियाणं असतं. खाणारी तोंडं वाढली की काय होतं, त्यावर अख्खा सिनेमा उभा आहे. त्यात कुणी भाषण करत नाही, माती खुरपतात.

—

जुनी_मिल

मी तुम्हा सगळ्यांपेक्षा वयानं मोठा. गिरणीत कामाला होतो. हे सिनेमे मी फारसे पाहिलेले नाहीत, नातू लावतो तेव्हा शेजारी बसतो. पण अक्षताबाईंचं वाचून लिहावंसं वाटलं.

बहात्तरचा दुष्काळ मी मंगळवेढ्याकडच्या आमच्या गावी पाहिला. ज्वारीचं कोठार म्हणतात तो भाग, दामाजीपंतांनी दुष्काळात कोठारं उघडली ते हेच मंगळवेढं, आणि तिथं आम्ही परदेशातून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, खाल्ला. दुष्काळी कामावर खडी फोडायची. पोरांना सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ, मिळायची, तिचा वास मला अजून येतो. जनावरं कासऱ्यासकट सोडून देत, कारण दावणीला मेलेली बघवत नसत.

नातवाच्या सिनेमात असं दिसतं की सरकार पडलं की दुसऱ्या दिवशी माणूस माणसाला खायला उठतो. मी तसं पाहिलं नाही. खडीच्या कामावर एका बाईला दिवस गेले होते, तिच्या वाटची खडी बाकीच्या बायका फोडत होत्या आणि मुकादम बघून न बघितल्यासारखं करत होता. चोऱ्या झाल्या, झाल्या नाहीत असं नाही. माझ्या चुलत्यानं धान्यासाठी भावाशी बोलणं टाकलं, ते मरेपर्यंत. त्यात सुरे-तलवारी नव्हत्या. पण ते सुऱ्यापेक्षा खोल गेलं.

आपलं सोलापूर मे १९३० मध्ये तीन-चार दिवस इंग्रजांच्या हातात नव्हतं. गोळीबारानंतर पोलीस निघून गेले. त्या दिवसांत गावाची व्यवस्था स्वयंसेवकांनी सांभाळली. मग मार्शल लॉ आला, आणि जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी झाली. सत्ता गेली तेव्हा गाव शिस्तीत होतं, सत्ता परत आली तेव्हा माणसं मेली. हे माझ्या वडिलांकडून लहानपणापासून ऐकलेलं.

आणि किल्लारीचा भूकंप. सप्टेंबर १९९३, विसर्जनानंतरची पहाट. आमच्या गल्लीतून दुपारपर्यंत भाकरीचे दोन टेम्पो गेले. कुणी सांगितलं नव्हतं. बायकांनी तवे ठेवले आणि थापत राहिल्या.

सिनेमावाल्यांना एवढंच विचारायचंय, की त्यांनी संकट स्वतः कधी पाहिलं का, की दुसऱ्याचा सिनेमाच पाहिला?

—

माळरान

काका, तुमचं वाचून काल रात्री झोप लागली नाही. चुलत्यांची गोष्ट डोक्यातून जात नाही.

तुम्ही म्हणता तो मला सगळ्यात मोठा दोष वाटायला लागलाय. टोळ्या, खोपड्या, काटेरी गदा, हे सगळं दाखवणं सोपं असतं, कारण मारामारी दोन माणसांत उभी करता येते. वाटणीवरून तुटलेलं नातं दाखवायला नट चांगला लागतो आणि लिहिणारा त्याहून चांगला. १९८३ चा 'टेस्टामेंट' यासाठीच मला आवडतो. कॅलिफोर्नियातलं छोटं गाव, स्फोट म्हणजे खिडकीत आलेला पांढरा उजेड, बस. एकही इमारत पडत नाही. आई, तिची मुलं, शेजारी, आणि रोज थोडंथोडं कमी होत जाणारं सगळं.

—

रात्रपाळी

मी पुण्यात ध्वनीचं काम करतो, मूळचा सोलापूरचा. माझ्या खात्याबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितोय, कारण कमी बजेटचा सिनेमा सगळ्यात आधी आवाजात उघडा पडतो. चित्र थोडं धूसर असलं तर माणूस सहन करतो, आवाज खराब असला तर पाच मिनिटांत उठतो. जग संपलेलं असतं आणि मागं ट्रकचा हॉर्न ऐकू येतो. मग तो लपवायला वाऱ्याचा घोंघावणारा तयार आवाज वरून ओततात. बहुतेक सिनेमांत तोच वारा आहे, मी आता ओळखतो.

रिकाम्या जगाला वारा नसतो असं नाही, पण प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. २०२० च्या टाळेबंदीत मी घरी अडकलो होतो, अशोक चौकाजवळ. आयुष्यभर कानात मागांची खटखट. ती इतकी सवयीची की ऐकूच येत नव्हती, बंद पडली तेव्हा ऐकू आली. पहिल्या रात्री आई म्हणाली, कसंतरी होतंय, डोकं दुखतंय. तिसऱ्या दिवशी सिद्धेश्वराच्या देवळातली घंटा घरात ऐकू आली, आमच्या घरी ती कधीच ऐकू येत नसे. मला शहर बंद झाल्याचं त्या घंटेनं सांगितलं. कुणी सोलापुरात जगबुडीचा सिनेमा केला तर पहिली पाच मिनिटं फक्त मागांचा आवाज ठेवावा आणि मग तो काढून घ्यावा.

आणखी एक. जून २०२३ मध्ये सोलापुरातल्या साखर कारखान्याची चिमणी पाडली, तेव्हाचे लोकांनी मोबाइलवर घेतलेले व्हिडिओ लक्ष देऊन बघा. लांबून घेतलेल्यात आधी चिमणी कलते आणि आवाज मागून येतो. आवाज एक किलोमीटर यायला तीन सेकंद घेतो. सिनेमात दहा किलोमीटरवरचा स्फोट दिसतो त्याच क्षणी कानात आदळतो. तो तीस सेकंद उशिरा यायला हवा. त्या तीस सेकंदांत माणसं नुसती बघत उभी आहेत, आवाज अजून आलेला नाही. यापेक्षा भयंकर दृश्य कुठल्या संगणकानं करून दाखवावं? आणि ते फुकट आहे.

—

पडदा_नंबर_दोन

रात्रपाळी, हे तीस सेकंदांचं मी चोरणार. सांगून चोरतोय.

मी वर थोडा तापलो होतो. जुनी_मिल काकांचं वाचल्यावर वाटलं की आमच्या लघुपटातही आम्ही टोळीच दाखवली होती, आणि का दाखवली याला माझ्याकडं उत्तर नाही. सगळे दाखवतात म्हणून.

जागेबद्दल एक सांगतो. खाण नको असेल तर २०१० चा 'मॉन्स्टर्स' बघा. गॅरेथ एडवर्ड्सनं पाच लाख डॉलरांच्या आत केला. चार-पाच माणसं घेऊन फिरला, वाटेत भेटलेल्या लोकांनाच नट केलं, आणि संगणकावरचं काम स्वतः घरी बसून केलं. आहे त्या जागेत जे आहे ते वापरायचं आणि नंतर त्यात एखादीच खोटी गोष्ट घालायची. आपल्याकडं उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ वर येतं. धरणात गेलेलं गाव, चिखलाच्या भेगा, आणि मधे दगडी शिखर. असला सेट कुणी कितीही पैसे देऊन उभारू शकत नाही.

—

पंपदुरुस्ती

पळसदेवला मी गेलोय. मेमध्ये जा, सकाळी सहाच्या आत. नंतर उजेडही कडक आणि गर्दीही होते. पण एक लक्षात घ्या, ते देऊळ उघडं पडतं तेव्हा आजूबाजूला वेडी बाभूळ माजलेली असते. सिनेमात पन्नास वर्षांनी सगळं मोकळं वाळवंट दाखवतात, आपल्याकडं माणूस गेला की पाच पावसाळ्यांत वेडी बाभूळ रस्ता खाईल. गाडी कुठून नेणार? पायी, नाहीतर बैल. आणि हातात कोयता, बंदूक नव्हे.

—

माळरान

दादा, रात्रपाळी, धोटाताई, अक्षताताई, काका, सगळ्यांना: आम्ही चौघांनी ठरवलंय की एक वीस मिनिटांचा करायचा. टोळी नाही, गाडी नाही. बहुतेक एक म्हातारा, त्याचा हातमाग, आणि त्याच्याकडं शिकायला आलेली एक मुलगी जिला मराठी नीट येत नाही आणि त्याला तेलुगूशिवाय काही सुचत नाही. पाणी चार दिवसांनी येतं, फक्त आता ते नळाला येत नाही, इंजिनवाला तेलाच्या बदल्यात उपसून देतो. याच्या पुढं अजून काही नाही.

धोटाताई, तुमच्या आजोबांचा माग अजून उभा आहे का? मी पूर्व भागात अनोळखी, कुणाच्या दारात कॅमेरा घेऊन एकदम जायचं बरं वाटत नाही.

—

धोटा

उभा आहे. दोन वर्षं कुणी बसलं नाही, खड्ड्यात जुनी पोती भरलीत. आजोबा गेले, पण शेजारचे मामा अजून चालवू शकतात, त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर. मी काल विचारलं. म्हणाले, चालवतो, पण नुसतं चालवल्यासारखं करायला सांगू नका, ताणा लावून द्या, मग बसतो. ताणा लावायला दोन दिवस आणि दोन माणसं लागतील. सूत मी बघते.

रविवारी सकाळी या. पहिल्या दिवशी कॅमेरा नको, त्यांच्याशी आधी बोला. आणि येताना अक्षतांना त्यांचं जातं आणता आलं तर बघा, इथं टाकी लावणाऱ्या एक मावशी आहेत.

—

अक्षता

आणते. दोघांना उचलावं लागेल. दाराला तोवर वीट लावते.